अण्णांची डावरी गिटार

पुण्याहून नांदेडला निघताना मी दोन साड्या, एक टॉर्च आणि अण्णांची गिटार घेतली. टॉर्चचा काही उपयोग झाला नाही. गिटार मात्र गोधडीच्या खोळीत घालून नेल्यामुळे सगळ्या डब्याचा विषय झाली. समोरच्या काकू तर परभणीपर्यंत ती सतारच आहे असं धरून चालल्या, आणि मीही त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते लातूरला पोस्टात होते आणि उरलेल्या वेळात ऑर्केस्ट्रात ही इलेक्ट्रिक गिटार वाजवत. ती कुठल्या कारखान्यातली नाही. सागवानी, हातानं घडवलेली, वजनाला पाट्यासारखी. अण्णा ती डावऱ्या माणसासारखी धरत आणि मलाही तशीच शिकवली. गंमत म्हणजे आम्ही दोघंही लिहायला-जेवायला उजवे. लहानपणी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "ही अशीच धरतात." विषय तिथंच संपला.

आता अण्णा नाहीत. माझ्या चौदा वर्षांच्या तन्वीला ती वाजवायची आहे, आणि उजवीकडून. पुण्यातल्या कारागिरानं गिटार उलटसुलट करून पाहिली. दांडीच्या बुडाशी लाकडात एक खोल खाच असते, तिच्यातून बोटं वरच्या सुरांपर्यंत जातात. आमच्या गिटारीची खाच डावऱ्यांच्या सोयीची. "नुसत्या तारा बदलून भागणार नाही, लाकूड कापावं लागेल," तो म्हणाला. मग त्यानं एक बुजवलेलं भोक दाखवलं. पट्टा अडकवायची खुंटी आधी तिथं होती, नंतर कुणीतरी ती दुसऱ्या बाजूला नेली होती. गिटारीच्या पाठीचा पत्रा काढला तर आत पेन्सिलीनं उर्दूत लिहिलेलं निघालं: उस्मान, नांदेड.

एकदा करवत चालली की परत काही जोडता येणार नव्हतं. त्याआधी ही मुळात कशी होती, ते मला कळायला हवं होतं. अण्णांचे ऑर्केस्ट्रातले जोडीदार सूर्यकांतकाका अजून लातूरला असतात. त्यांना फोन केला. "उस्मानचाचा हायेत की अजून," ते म्हणाले. "आधी नांदेडला जा, त्यांना गिटार दाखव. मग माझ्याकडं ये."

नांदेडात इतवारा भागातल्या एका गल्लीत, बाभळीच्या फळ्या ठोकून केलेल्या दारामागं उस्मानचाचांचं घर आणि कारखाना एकत्रच आहे. कारखाना म्हणजे एक पडवी, दोन रंधे आणि भुशाचा ढीग. लाकडी जाळ्या करण्यात त्यांची हयात गेली. ऐंशीच्या घरातले, नजर अधू. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली तर त्यांनी पाहिलं नाहीच. नुसता पाठीवरून तळवा फिरवला.

"हाव. ही माझीच हाय," ते म्हणाले. "तुम्ही पोस्टवाल्या साहेबांच्या कोण?"

इतक्या वर्षांनी, नुसत्या हातानं!

अण्णांनी एका मासिकातलं चित्र मोठं करून कागदावर काढून आणलं होतं. चाचांनी त्याआधी गिटार पाहिलीसुद्धा नव्हती. चहा येईपर्यंत ते हातातल्या कामाला लागले. फळीवर जाळीचा खाका (नक्षीचा आराखडा) उठवायचा होता. मऊ पेन्सिलीनं काढलेला कागद त्यांनी तोंडानं पालथा फळीवर ठेवला आणि चमच्याच्या पाठीनं घासत राहिले. कागद उचलला तर नक्षी लख्ख लाकडावर उतरलेली. मी बघतच राहिले.

आणि मग उजेड पडला. पालथ्या कागदातून उतरलेलं चित्र उलटं येतं! जाळीची नक्षी दोन्हीकडून सारखीच, तिथं काही बिघडत नाही. गिटारीचं मात्र सगळंच बिघडणार होतं.

"चाचा, गिटारीचा खाकाही असाच उतरवला होता का?"

"मग? माझ्या अब्बांनी मला हीच रीत शिकवली. लई मन लावून केलतो. साहेब चार दिवसांनी परत आले. म्हणले, चाचा, मी डावरा हाय, सांगायचं इसरलो. तारा उलट्या लावतो, खुंटी मी तोंडी सांगितली होती, ती तेवढी हिकडं करून द्या. मी म्हणलो, नशीब बघा साहेब, लाकूड आपोआप डावऱ्यालाच बसलं!"

ते खळखळून हसले. मी सगळं सांगून टाकणार होते, पण जीभ रेटेना. त्याऐवजी तन्वीबद्दल बोलले.

"पोरगी उजवी हाय? मग ठिवून जा की. माझी चीज हाय, मीच कापून देतो. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका."

"लातूरहून फोन करून कळवते," मी म्हणाले. निघताना त्यांनी वाजवायला लावलं. डोळे मिटून, लाकडावर तळवा ठेवून ते ऐकत राहिले.

दुपारची एसटी घेतली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा टपरीवर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार) खाल्ली. हिरवी मिरची अशी की कान गरम झाले. अहमदपूरच्या अलीकडं टायर बसलं. सगळी मंडळी सोयाबीनच्या कडेला उतरली आणि कंडक्टरनं खोळीकडं बोट केलं. "बाई, एवढं जपून राहिलात, हाय तरी काय त्यात?" मी दाखवली. तो म्हणाला, "उलटी दिसून राहिली की हो." त्याचा पुतण्या म्हणे गिटार शिकतो. इतक्या वर्षांत आम्हाला जे दिसलं नाही, ते त्याला टायर बदलेपर्यंतच्या वेळात दिसलं!

लातुरात गंजगोलाईजवळ सूर्यकांतकाकांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. बाहेर शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या सायकली, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वॉर्निशचा वास. गिटारीतून आवाज उचलणारी गुंडाळी काकांनीच केली होती. मोडक्या स्पीकरची चुंबकं आणि जुन्या रेडिओतली केसासारखी बारीक तार, हातानं वेढे घेत घेत. ती आजही खणखणीत वाजते. कुठलं दुकान, कुठली वस्तू, आणि काय ही जिद्द! मला त्या काळ्या पडलेल्या हातांना नमस्कार करावासा वाटला.

"काका, अण्णा डावरे होते?"

काकांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून हाडाची एक पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. दांडीच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात, त्या खाचांची ही पहिली, पुढं काढून टाकलेली पट्टी. जाड तारेची खाच उजव्या माणसाच्या बाजूला होती.

"उजवा होता तुझा बाप. गावात त्याच्यासारखं वाजवणारा नव्हता," काका म्हणाले. "गिटार हातात आली आन् बघितलं तर सगळं उलटं. मी म्हणलो, परत दे. तर म्हणला, सूर्या, चाचांनी हे सागवान स्वतःच्या घराच्या दारासाठी ठिवलं होतं. ते कापलंय त्यांनी. आता काय सांगू त्यांना? मग बसला डाव्या हातानं पहिल्यापासून शिकत. वर्षभर स्टेजवर चढला न्हाई. लोक म्हणले, संपला हा."

मला ते बाभळीचं दार आठवलं. मी दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर रडले. ज्याला आम्ही अण्णांची सवय समजत होतो, ते एका माणसाचं मन राखण्यासाठी घेतलेले वर्षभराचे कष्ट होते. आणि त्यांनी त्याबद्दल घरात चकार शब्द काढला नव्हता.

निघायच्या आधी लातूरच्या स्टँडवरून चाचांना फोन लावला.

"चाचा, गिटार कापायची नाही. मुलगीपण डावरीच आहे. मी सांगायची विसरले."

पलीकडं रंध्याचा आवाज चालू होता. तो थांबला.

"तुमच्या घरात इसरतात लई, बेटा," चाचा म्हणाले. "खुश ऱ्हावा."

त्यांना कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

गेले ते गिटारीचं मूळ रूप शोधायला. सापडलं ते हाडाच्या एवढ्याशा पट्टीत, आणि आता ते परत आणायची इच्छाच उरली नव्हती. फक्त एक गोष्ट राहिली होती. मी तन्वीला न विचारता तिला डावरी करून टाकलं होतं.

घरी आल्यावर पट्टी तिच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. "तुला दुसरी उजवी गिटार घेऊ," असंही म्हटलं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खोलीतून एकच सूर आला, फाटका, चुकलेला. पुन्हा आला, पुन्हा चुकला. जाऊन पाहिलं तर ती अण्णांसारखी बसली होती, उजव्या हाताची बोटं तारांवर दाबून लाल झालेली.

"आई," ती मान वर न करता म्हणाली, "ही अशीच धरतात ना?"