उलट बाजूने पाहिलेला देश

भूमापन कचेरीत त्यांना सगळे ट्रेसिंगबाई म्हणत. मोजणीदार उन्हातान्हात हिंडून कच्चा नकाशा आणत, आणि बाई तो काचेच्या टेबलावर पसरून, खालचा दिवा लावून, वर पारदर्शक कापड ताणून शाईने पक्का करत. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. नकाशाच्या तळाशी मोजणीदाराचं नाव असे, तपासनिसाचं असे, साहेबांची सही आणि गोल शिक्का असे. ज्या हाताने त्यातली रेघन्‌रेघ ओढली त्याचा मात्र कुठे उल्लेख नसे. निरोप समारंभात साहेबांनी भाषणात त्यांचं नावही चुकीचं घेतलं. बाई हसल्या आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

नंतर वेळ जाईना. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीतही त्या चौकटी आखू लागल्या, तेव्हा छपाईच्या दुकानात काम करणाऱ्या भाचीने आपली जुनी डिजिटल पाटी आणि तिची लेखणी आणून दिली. पाटीवर लिहायचं आणि रेघ उमटायची समोरच्या पडद्यावर. पहिला आठवडा बाईंच्या नाकी नऊ आले. हात इथे आणि नजर तिथे, हे त्यांना काही केल्या जमेना. निवृत्त पोस्टमास्तर असलेले यजमान खुर्चीत बसून म्हणायचे, "अगं, पत्र एका गावी टाकतेस आणि पोचतं दुसऱ्याच गावी." पण बाई हट्टी. महिनाभरात पडद्यावर अशी शाई वाहू लागली की भाचीने पडद्याला बोट लावून पाहिलं.

भाचीच्या दुकानात एक लेखिका हस्तलिखिताच्या प्रती काढायला यायची. तिने सातशे पानांची कादंबरी लिहिली होती. त्यातला देश, समुद्र, किल्ले, जंगलं, सगळं मनाचं. पुस्तकाच्या सुरुवातीला तिला या देशाचा नकाशा हवा होता, जुन्या काळी हाताने रंगवल्यासारखा. भाचीने मावशीचं काम दाखवलं आणि लेखिका दुसऱ्याच दिवशी घरी हजर झाली. बाईंनी तासभर तिची उलटतपासणी घेतली. नदी कुठे उगम पावते, घाटात किती वळणं, बंदरापासून किल्ल्यापर्यंत चालत किती दिवस. लेखिकेला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं ठाऊक नव्हती, ती घरी जाऊन ठरवून आली. मग बाईंनी एकच अट घातली: नकाशाच्या कोपऱ्यात माझं नाव हवं. प्रकाशकाने कबूल केलं.

बाईंनी खऱ्या कागदावर चहाच्या रंगाचा पातळ हात फिरवला, तो वाळवला, त्याचा फोटो काढून पडद्यावर तळाला अंथरला. त्यावर आधी किनारा, मग नद्या, मग डोंगरांच्या बाह्यरेषा. भाचीने समजावलं होतं की डोंगर एका थरावर काढ, जंगल दुसऱ्या, नावं तिसऱ्या, म्हणजे एकाला हात लावला तरी दुसरं हलत नाही. बाईंनी ते ऐकून सोडून दिलं. कागद एकच असतो, म्हणून त्या सगळं एकाच थरावर काढत गेल्या. एक डोंगर काढून त्याच्याच नकला चिकटव, हेही भाचीने सुचवून पाहिलं. "डोंगर म्हणजे काय पोस्टाचा शिक्का आहे?" बाई म्हणाल्या, आणि यजमानांनी उगाचच खाकरून घेतलं.

कचेरीतली त्यांची एक सवय होती. निम्मं काम झालं की कापड उलटं करून काचेवर धरायचं आणि मागून बघायचं. डोळा रोजच्या रेघांना सरावतो आणि चुका झाकतो, उलट्या बाजूने त्या लगेच उघड्या पडतात. पडद्यावरही चित्र उलटं करायची सोय आहे, हे कळल्यावर बाईंना माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. बाह्यरेषा पूर्ण झाल्या त्या दुपारी त्यांनी देश उलटा करून नीट न्याहाळला, दोन नद्यांची वळणं सुधारली. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं म्हणून त्या उठल्या. परत आल्या आणि जसा होता तसाच देश पुढे रंगवायला घेतला.

पुढचे तीन आठवडे त्यांनी जीव ओतला. दोनशे अकरा डोंगर, प्रत्येकाला कचेरीच्या नियमाप्रमाणे वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजेड आणि उजवीकडे सावली. जंगलं झाडागणिक. चौसष्ट नावं, बोरूच्या वळणाची, पुन्हापुन्हा पुसून लिहिलेली. छापायला जायला दहा दिवस उरले असताना भाचीने मोठ्या कागदावर प्रत काढली आणि लेखिका ती पाहायला आली.

आधी ती नुसती बघत राहिली, मग तिचे डोळे भरून आले. मग तिने बंदरावर बोट ठेवलं आणि रस्त्यावरून किल्ल्याकडे नेलं. अर्ध्या वाटेत बोट थांबलं.

"काकू, माझं काहीतरी चुकतंय का?" ती म्हणाली. "हे सैन्य पहाटे किल्ल्याकडे निघतं. समोरून ऊन डोळ्यांत जातं, म्हणून त्यांचे बाण चुकतात. सगळी गोष्टच त्यावर आहे. पण इथे तर ते पश्चिमेला चाललेत."

बाईंनी कागद उचलला, खिडकीशी नेला आणि उलटा करून काचेवर धरला. मागून ऊन आलं. नावं सगळी उलटी दिसत होती, पण देश बरोबर होता. समुद्र पश्चिमेला, किल्ला पूर्वेला. दूध उतू गेल्याची ती दुपार त्यांना लख्ख आठवली; देश पुन्हा सुलट करायचा राहूनच गेला होता.

लेखिका मनाने मोकळी. ती म्हणाली, त्यात काय एवढं, मी दोन पानं बदलते, सैन्य संध्याकाळी निघेल. एवढ्या सुंदर कामाला हात लावू नका. यजमानांनाही ते पटलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहाचं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "नकाशा चुकला म्हणून जमीन हलवायची नसते."

मग त्या खुर्चीत बसल्या आणि आजवर यजमानांनाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. सव्वीस वर्षांच्या असताना एका गावाचा नकाशा पक्का करताना त्यांच्या हाताखालचं कापड केसभर सरकलं होतं. लक्षात आलं तेव्हा शिक्का बसला होता. त्यांनी मुख्य आरेखकाला सांगितलं. तो म्हणाला, आता नकाशा बदलत नाही, हद्द बदलेल. एका घराची विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. त्या घरातली म्हातारी तीन दिवस कचेरीत येत होती आणि एकेका टेबलाशी जाऊन विचारत होती की हा नकाशा कुणी काढला. कुणी सांगितलं नाही. ती बाईंच्या टेबलाशीही आली. बाई खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिल्या. नकाशावर त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळे म्हातारी पुढच्या टेबलाकडे गेली.

चहा तसाच निवला.

प्रकाशकाला फोन केला तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. चित्र पुन्हा उलटं करायचं, उलटी झालेली नावं पुसून तिथे छापील अक्षरं बसवायची, एका दुपारचं काम. डोंगरांच्या सावल्या चुकीच्या बाजूला पडतील, पण ते कोण बघतंय? मात्र काम त्याच्या माणसाने पुरं केलं तर नाव संस्थेचं लागेल, तो शिरस्ताच होता. बाईंनी मुदत विचारली. पुढच्या सोमवारी सकाळी दहा. "दहाला मिळेल," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मध्ये नऊ दिवस होते. थर एकच, त्यामुळे नाव पुसलं की खालचं जंगल जाई, सावली पुसली की शेजारची नदी. मी सांगितलं होतं, असं भाचीने म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण. बाईंनी देश सुलट केला, फाइलला नवं नाव दिलं, आणि या खेपेला मुकाट्याने सावल्यांसाठी वेगळा थर घेतला आणि नावांसाठी वेगळा. रोज तीस डोंगर, शेवटचे दोन दिवस नावं, असा हिशेब बसवला. यजमानांनी चौसष्ट नावांची यादी केली आणि रजिस्टर्ड पत्रांसारखी एकेकावर खूण करायची म्हणून लाल पेन घेऊन बसले. स्वयंपाकही त्यांनीच हाती घेतला. भात रोज वेगवेगळ्या प्रकारे बिघडत होता, पण बाईंना तो जाणवत नव्हता.

पाचव्या दिवशी मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि आराम सांगितला. बाईंनी त्यातला पट्टा घेतला. सातव्या दिवशी दुपारी औषधाच्या गुंगीत त्यांना डोळा लागला, आणि भाचीला राहवलं नाही. ईशान्येला बारा डोंगर उरले होते. गोष्टीत तिकडे कुणी फिरकतही नाही. तिने मावशीचाच एक सुरेख डोंगर उचलून बारा ठिकाणी चिकटवला, थोडा लहानमोठा करून.

बाई उठल्या, पडद्यापाशी बसल्या आणि दोन मिनिटांत त्यांना बारा जागी तेच वाकडं शिखर दिसलं. भाचीचा चेहरा पडला. बाई रागावल्या नाहीत. तिच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी ते बाराही पुसले. "तुझी माया कळते गं," त्या म्हणाल्या, "पण तिथेही कुणीतरी राहत असेल." आणि पट्टा घट्ट करून पहिला डोंगर घेतला.

सोमवारी सकाळी साडेनऊला यजमानांनी चौसष्टाव्या नावावर खूण केली. लेखिका आली होती, भाची दुकानाला दांडी मारून आली होती. उरला फक्त खालचा कोपरा. बाईंनी लेखणी टेकवली आणि हात थांबला. हजारो गावांची, ओढ्यांची, लोकांच्या शेतांची नावं त्या हाताने लिहिली होती. स्वतःचं अक्षर कोणत्या वळणाने सुरू करायचं तेच त्यांना सुचेना. दहाला वीस मिनिटं असताना त्यांनी ते लिहिलं. संपूर्ण नाव, आणि खाली बारीक अक्षरात घरचा पत्ता.

यजमान चष्मा सावरत पुढे झुकले. पुस्तकात पत्ता कुणी देतं का, असं त्यांना विचारायचं असावं. पण त्यांनी एवढंच म्हटलं, "अगं, पत्तासुद्धा?"

"चूक निघाली तर कुणाच्या दाराशी यायचं, हे कळायला नको?" बाई म्हणाल्या. "ती म्हातारी तीन दिवस विचारत होती."

बाईंनी सवयीने चित्र एकदा उलटं करून पाहिलं. मग ते सुलट केलं, यजमानांना कोपऱ्यातलं नाव मोठ्याने वाचायला लावलं आणि ते नीट वाचून झाल्यावरच नकाशा पाठवला.