दप्तरखान्यातली रेघ

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी दप्तरखाना सांभाळत होतो. जमिनीचे कागद तिथे लाल रुमालांत बांधून ठेवलेले असत. कोणी काय करायचं ते ठरलेलं होतं. अर्ज दिला की कोणीही माझ्यासमोर बसून कागद बघावा. टिपून घ्यायचं तर शिसपेन्सिलीनं. नोंदीत बदल मात्र साहेबांच्या लेखी हुकमाशिवाय नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे.

एके सकाळी एक विधवा बाई आली. वर्षापूर्वीची नक्कल तिनं पदराच्या गाठीतून काढली. तीत नवऱ्याची वारस म्हणून तिचं नाव होतं.

"दीर म्हनतो, कागदावर तुजं नावच न्हाई. तुमी बगा जरा."

मी रुमाल सोडला. तिच्या नावावर शाईची आडवी रेघ होती. शेजारी हुकमाचा नंबर नाही, सही नाही.

"हाय का नाव?"

"उद्या या," एवढंच मी म्हणालो.

ती गेल्यावर कागद मागणाऱ्यांची नोंदवही तीनदा चाळली. वर्षभरात तो रुमाल कोणीच मागितला नव्हता. म्हणजे माझ्या माघारी कोणीतरी आत आलं होतं. आणि किल्ली मी एकदाच हातची सोडली होती. तापानं घरी पडलो तेव्हा, शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडे. तीन वर्षं आम्ही रोज डबे एकत्र सोडत होतो.

दिवसभर कशातच लक्ष लागेना. संध्याकाळी कुलूप लावलं, पायऱ्या उतरलो, परत जाऊन ओढून बघितलं. गप्प बसलो तर कोणाला कळणार होतं? बोललो तर किल्ली दिल्याचा ठपका माझ्यावरच.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर बाई पायरीवर बसलेली. तिला घेऊन मी तडक साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, रेघ मी मारली नाही. पण किल्ली मीच दिली होती."

चौकशीत कारकुनानं कबूल केलं. दिराच्या सांगण्यावरून त्यानं नाव खोडलं होतं. तो निलंबित झाला, बाईचं नाव पुन्हा लागलं आणि माझी बदली जामखेडला झाली.

निघायच्या दिवशी तो एसटी स्टँडवर आला. "आधी मला विचारायचं तरी होतंस," म्हणाला.

विचारलं असतं तर बहुतेक मी गप्प बसलो असतो. हे त्याला सांगावंसं वाटलं, पण गाडी लागली होती.