लिरॉयशेजारची खुर्ची

रविवारी सकाळी बर्नडेट गोर्चिकानं दार उघडलं, तर बाहेर तिच्या छातीपर्यंत बर्फ.

"आजच!" सरोवराच्या दिशेनं मूठ उगारून ती ओरडली. "अख्खा हिवाळा पडला होता, आजच सुचलं का मेल्याला?"

अमेरिकेतल्या बफेलो शहरात बर्फ पडतो तो या सरोवराच्या वाफेचा, आणि हे सरोवर पहिल्यापासून पक्षपाती. एका वस्तीला गाडून टाकेल आणि चार मैलांवर लोक उन्हात कपडे वाळत घालतील. स्टेडियमवर आज लख्ख ऊन होतं. तिथं फुटबॉलचा सामना ठरल्या वेळी होणार होता, आणि बर्नडेटच्या वस्तीत मात्र गाड्यांना बंदी. सरकारी कारभार, दुसरं काय!

सामना जुन्या स्टेडियममधला शेवटचा होता. उद्यापासून ते पाडायला घेणार होते, आणि नव्या स्टेडियमचा हंगामभराचा पास बर्नडेटच्या पेन्शनीत बसत नव्हता. पण खरं सांगायचं तर तिला सामन्याचं एवढं नव्हतं. संघ हरण्यात पटाईतच होता. तिला लिरॉयला गाठायचं होतं.

लिरॉय म्हणजे तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस. तीस वर्षं दोघं तिथं खांद्याला खांदा लावून बसले, एका थर्मासमधली कॉफी प्यायले, पंचांना शिव्या देऊन झाल्यावर एकमेकांशी भांडले. त्याच्या बायकोचं आजारपण, हिचा घटस्फोट, सगळं तिथंच बोलून झालं. आडनाव मात्र कधी विचारलं नाही, की फोन नंबर घेतला नाही. गरजच काय होती? सप्टेंबर उजाडला की माणूस खुर्चीत हजर. मागच्या सामन्याहून निघताना बर्नडेट म्हणाली होती, "पुढच्या खेपेला तुझा नंबर घेते हं." ती पुढची खेप म्हणजे आज.

वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा भाऊ टेड खाली आला, तेव्हा ती फावड्यानं गाडी उकरत होती.

"बर्नी, वेड लागलं का तुला? चौकात पोलीस आहेत."

"असू देत! याच बर्फात पंचवीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. एका पोराला खरचटलं नाही. हे पोलीस तेव्हा माझ्याच बसमध्ये शेंबूड पुसत बसायचे!"

"वयाचा तरी विचार कर."

"तू तुझ्या पातेल्याचा कर. वास येतोय करपल्याचा."

टेड पळाला. बर्फ ओढणाऱ्या गाडीनं रस्ता तेवढा मोकळा केला होता, पण चौकात खरंच पोलीस होता, कोवळा, गाल लालेलाल झालेला.

"आजी, मागे फिरा."

"आजी कुणाला म्हणतोस रे? तिकडं ऊन पडलंय, कळतंय का तुला?"

"पण इकडं नाही ना पडलेलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरापर्यंत गाडी उलटी नेताना तिनं पोलिसापासून पार राज्यपालापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

टेडनं टीव्ही लावला. ती भिंतीकडं तोंड करून बसली. मी त्यांचं काय घोडं मारलं होतं, एवढंच पुटपुटत होती.

"बर्नी! बर्नी, तुझी खुर्ची!"

तिनं वळून पाहिलं. कॅमेरा प्रेक्षकांवर होता आणि मधोमध लिरॉय उभा होता, त्या गारठ्यात नुसत्या स्वेटरवर. त्याचा कोट तिच्या खुर्चीवर अंथरलेला. एक धिप्पाड गडी तिथं टेकायला बघत होता आणि लिरॉय दोन्ही हात पसरून त्याला अडवत होता. मग गणवेशातले दोघे आले.

"अरे बसू दे त्याला, गाढवा!" बर्नडेट किंचाळली. "कोट घाल आधी! मी येत नाहीये!"

लिरॉयनं काही ऐकलं नाही. तो असाही कधी ऐकायचा नाही. दोघांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. कोट खुर्चीवरच राहिला आणि कॅमेरा पुन्हा चेंडूमागं गेला.

बर्नडेटनं स्टेडियमच्या कचेरीला फोन लावला. तिकडून एका मुलीचा आवाज आला.

"माझी जागा राखणाऱ्या माणसाला हाकललंत तुम्ही! लाज नाही वाटत?"

"त्यांचं नाव, मॅडम?"

"लिरॉय."

"आडनाव?"

आडनावाऐवजी बर्नडेटनं रांग सांगितली, खुर्चीचा नंबर सांगितला.

"दिसतंय नाव, पण सांगता येणार नाही. नियम आहे."

"घाल चुलीत तुझा नियम! मग माझं नाव त्याला दे. लिही. बर्नडेट गोर्चिका." तिनं एकेक अक्षर सांगितलं, पत्ता सांगितला, फोन नंबर दोनदा सांगितला.

"आणि तुम्ही त्यांच्या कोण?"

"तीस वर्षं भांडतेय मी त्याच्याशी! कोण असणार?" बर्नडेटचा आवाज फाटला. "लिही मुकाट्यानं. आणि आधी त्याला कोट नेऊन दे, बाहेर कुडकुडत असेल तो."