पानसोटाचा डोळा

बडनेरा स्टेशनावर माझ्या सुटकेसची मूठ तुटली. गाडीला वीस मिनिटं होती. माय म्हणाली, "आता कशी नेशीन वं जर्मनीले? डोक्यावर?" बाबांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या. कलम बांधायच्या त्या पट्ट्या त्यांच्या खिशात लग्नाकार्यातही असायच्या. ते फलाटावर उकिडवे बसले, मुठीचे तुकडे जुळवले आणि संत्र्याचं कलम बांधतात तसे खालून वर एकावर एक वेढे घातले. ओढून पाहिलं. "आता सुटत नाही. पुढं सोडाची झाली तं कापू नको, वरून उलगडजो."

एवढाच निरोप. विमानतळांवर लोकांच्या चाकांच्या बॅगा अलगद सरकायच्या आणि माझी मूठ सगळ्यांच्या नजरेत यायची. मला तिची लाज वाटली नाही, हे मात्र सांगून ठेवते.

जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. आमचं गाव वरुडकडचं, संत्र्याचं. पण आमच्या मालकीचं एक झाड नव्हतं. बाबा दुसऱ्यांच्या नर्सरीत कलमं बांधायचे. जंबेरीचं, म्हणजे जंगली लिंबाचं, रोप घ्यायचं, त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला न फुटलेला कोंब, अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टी बांधायची. तेवढ्याशा डोळ्यात अख्खं झाड असतं. पुढे अकोल्याला एम.एस्सी.ला मूळपेशी, म्हणजे ज्यांतून शरीराचा कुठलाही भाग घडू शकतो त्या पेशी, शिकवल्या, तेव्हा वर्गातली हुशार पोरं माना खाली घालून टिपणं काढत होती. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आमच्या बाबांचं काम!

मी बारावीत होते तेव्हा बागा वाळत होत्या. बोअर आटले होते आणि आरागिरणीसमोर संत्र्याच्या लाकडांचे ढीग पडले होते. चांगल्या डोळ्यांची झाडंच उरली नव्हती, तरी नर्सरीच्या मालकाला कलमं हवी होती. त्याने कुठूनशा फांद्यांच्या मोळ्या आणवल्या आणि बाबांनी घाईघाईत एक अख्खा वाफा बांधला. तो असा फुटला की नर्सरीत सगळ्यात हिरवागार तोच. मालक खूश. बाबा मात्र रोज त्या वाफ्यापाशी उभे राहायचे. एक दिवस त्यांनी कोवळा फुटवा बोटांनी चाचपला आणि मान हलवली. लांब, जाड काटे होते. मोळ्यांमध्ये पानसोट मिसळले होते. पानसोट म्हणजे खोडातून सरळ वर सुटणारा माजलेला फुटवा. त्याचा डोळा झटकन धरतो, भराभर वाढतो. पण झाड काट्यांचं होतं आणि फळाला वर्षानुवर्षं रडवतं.

मालक म्हणाला, "हिरवं दिसून राह्यलं ना? मंग झालं! लोकं काय डोळे तपासून नेतात काय, बाप्पा?" बाबांनी तो वाफा आपल्या हातांनी उपटला. पुढच्या हंगामात त्यांना तिथे काम मिळालं नाही आणि अमरावतीतली, राजापेठेतली माझी ट्यूशन सुटली. मी चिडून म्हटलं, "तुमाले कोन इचाराले आलं होतं?" ते म्हणाले, "लावणारा आठ वर्षं वाट पाह्यते, पोरी. तो इचाराले आला नाही म्हणून काय झालं?"

ट्यूशनवाचून मी शिकले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, विहारात माझा सत्कार झाला. पण तो राग बरीच वर्षं पोटात होता.

जर्मनीतल्या लॅबमध्ये माझं काम उंदराच्या मूळपेशींवर होतं. डीएनए रोजच कुठे ना कुठे तुटतो. चांगली पेशी तेव्हा वाढ थांबवते, तुटलेलं जोडते आणि मगच पुढे वाढते. आम्ही पेशींवर किरण सोडून ही दुरुस्ती पाहायचो. सुरुवातीला डिशमध्ये वाढलेल्या पेशींच्या बऱ्याच वसाहतींतून मी एक निवडली, सगळ्यात जोमदार. किरणांनंतरही तिची वाढ थांबेना; ती दुरुस्ती फारच झटपट उरकते, असं मी धरून चालले. आठ महिन्यांत निकाल असे देखणे आले की शेजारच्या लॅबची माणसं बघायला यायची. फेलोशिपचे थोडेच महिने उरले होते आणि शोधनिबंध जवळजवळ लिहून झाला होता.

रविवारी फोनवर मी बाबांना ऐटीत सांगितलं, "माह्या पेशी सगळ्यायपेक्षा भराभर वाढून राह्यल्या."

"एवढ्या भराभर काहून?"

"जोर आहे त्यायच्यात."

"काटे पाह्यले काय वं?"

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही. सोमवारी मी त्या पेशींची गुणसूत्रं तपासली. एका गुणसूत्राचा तुकडा जास्तीचा होता, त्यानेच त्या बेफाम वाढत होत्या. माझ्या पेशी दुरुस्तीत हुशार नव्हत्या. त्या थांबायचंच विसरल्या होत्या. कलम बांधणाऱ्याच्या लेकीनं पानसोट निवडला होता.

हे मला एकटीलाच माहीत होतं. दोन दिवस मी गप्प राहिले, हेही खरं. फेलोशिप संपली की व्हिसा संपणार होता. तिसऱ्या दिवशी आमच्या लॅबप्रमुख प्राध्यापक बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं आणि त्या वसाहतीच्या सगळ्या डिश स्वतः निकाली काढल्या. बाई म्हणाल्या, हळू वाढणारी वसाहत घे आणि पहिल्यापासून कर. सहा महिने वाढवून मिळाले. निबंध छोटा निघाला, पण त्यातलं एकही वाक्य मला कधी मागे घ्यावं लागलं नाही.

त्या रविवारी बाबांना सांगितलं, "काटे निघाले."

"उपटले?"

"उपटले."

"मंग जेवली काय?"

बारावीपासूनचा राग तिथे संपला. एवढा मोठा माणूस मी कुठल्याच परिषदेत पाहिला नाही.

इथे जर्मनीत माणसं अजून विचारतात, तुझी मुळं तिकडेच ना? मी नाही म्हणते. कलमाखालचं मूळ जंबेरीचं असतं, ज्या मातीत लावलं त्या मातीचं. माझं मूळ आता इथे आहे. गावाहून आला तो डोळा, आणि फळ तोच ठरवतो.

सुटकेस कपाटावर आहे, मुठीवरच्या पट्ट्यांसकट. कलम धरलं की पट्टी सोडायची असते, नाही तर ती खोडात रुतते. हे मला पक्कं माहीत आहे. कापायची नाही, वरून उलगडायची, हेही. अजून सोडलेली नाही.