सरूबाईच्या दारातला खडक

खडकाची तब्येत तपासायला गेलं की किस्से आपोआप साचतात. जमिनीवर घण मारणारी माणसं दिसली की अख्खी वाडी जमते आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायचं असतं! हे किस्से सत्तरच्या दशकातले, घोटीजवळच्या कालव्याच्या कामावरचे.

काम असं. आमचा किसन लोखंडी पाटावर घण मारी. हादऱ्याची लाट खडकातून किती वेगाने जाते, ते यंत्र दाखवी. वेगात गेली तर खडक टणक, म्हणजे सुरुंग. रेंगाळली तर मऊ, मशीनने खणून निघणारा.

कालवा वाडीतल्या सरूबाईच्या घराला खेटून जाणार होता. सून पहिलटकरीण, सुरगाण्याला माहेरी बाळंत झालेली. "सुरुंग लागनार आसंल तर लेकराला हितं आननार नाय," सरूबाई म्हणाली. नातवाचं तोंड तिने अजून पाहिलं नव्हतं.

* * *

एक म्हातारेबुवा रोज विचारीत, "पानी लागलं का?"

"पाणी नाही शोधत, बाबा. खडक बघतोय."

"खडक? त्यो तर माझ्या शेतात वरच हाय. या, फुकट दावतो."

* * *

घण पडताना कुणी पाऊल टाकलं तरी यंत्राला कळे. आमच्या सोनवणे साहेबांनी सगळ्यांना बसवलं, बकऱ्या बांधायला लावल्या. तरी यंत्रावरची रेघ थरथरतच होती.

शेवटी किसन अदबीने म्हणाला, "साहेब, आता तुम्ही पण येरझाऱ्या थांबवा."

* * *

सरूबाईच्या दारात लाट सुसाट गेली. "सुरुंग," साहेब हळूच म्हणाले. सरूबाई आत निघून गेली.

पण एकाच टोकाच्या ठोक्यावर निकाल द्यायचा नाही, हा आमचा रिवाज. खडकाचा थर तिरपा असला तर एका बाजूने लाट खोटी घाई दाखवते. किसनने दुसऱ्या टोकाला घण मारला आणि लाट चांगलीच रेंगाळली. साहेबांनी दोन्हींचा मेळ घातला, पुन्हा घातला.

"खणून निघेल. सुरुंग नको."

माझाच जीव भांड्यात पडला. किसन तर घण टाकून सरूबाईला सांगायला आत पळाला.

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान आवरत होतो. साहेबांचं सगळं लक्ष यंत्राच्या पेटीवर. तिला ते कुणाला बोटही लावू देत नसत, जीपमध्ये शेजारी बसवून नेत.

सरूबाई हातात लोखंडी कडी घेऊन आली. "साहेब, सुनंला आनायला मानूस गेलाय. पाळन्याची कडी आढ्याला ठोकायचीय. माझा हात पुरत नाय."

साहेबांनी दारातून आत आढ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. मग स्वतःच पेटी उचलून आत नेली, चपला काढल्या आणि पेटीवर चढले.