टायमिंग चेन आणि लाल ठिपका

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आंबिवलीला आमचं मोटारसायकलचं गॅरेज आहे आणि त्याच्याच मागच्या खोलीत आम्ही राहतो. ह्यांनी स्वतःच्या गाडीचं इंजिन तेव्हा खोललेलं होतं. ते तसंच राहिलं, नटबोल्ट माझ्या चहासाखरेच्या डब्यांत आणि इंजिनाचा वरचा भाग, हेड, वर्तमानपत्रावर.

कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना कितपत समजतंय ते आत्ता सांगता येत नाही. डावा हात हातात घेऊन प्रश्न विचारत जा. हो असेल तर दाबा म्हणावं." मी रोज विचारायची. अहो, पाणी देऊ? अहो, पंखा लावू? अहो, मी कोण? हात नुसता पडून असायचा, शिळ्या भाकरीसारखा. दुसऱ्या महिन्यात मी विचारणं सोडलं. शेजारणी म्हणायच्या, किती खंबीर आहेस गं. खंबीर कसली डोंबलाची! मला काही वाटतच नव्हतं. डायपर बदलायचा, भात मऊ करून भरवायचा, कूस बदलायची, की झाला दिवस. रडूसुद्धा येत नव्हतं.

एप्रिलमध्ये मी ते इंजिन जोडायला घेतलं. वीस वर्षं ह्यांच्या हाताखाली पार्ट धुतलेत मी, बॅटरी धरलीये, आणि "अगं, इंजिनात दाखव उजेड, माझ्या तोंडावर काय दाखवतेस" हेही ऐकून घेतलंय. त्यामुळे कुठला पार्ट कुठे जातो ते मला ठाऊक होतं. मनात एकच होतं. ह्या गाडीचा आवाज हे नाक्यावरच्या गर्दीतून ओळखायचे. तो ऐकून चेहऱ्यावर काही हललं, तर आत माणूस आहे. नाही हललं, तर नाही. मग मी वाट बघणं सोडणार होते.

दुपारी ह्यांना खुर्चीत बसवायची, गॅरेजच्या दारात, माझ्यापासून हातभर अंतरावर. पिस्टन झाला, ब्लॉक बसला, मग आली टायमिंग चेन. खाली पिस्टन फिरतो आणि वर व्हॉल्व्ह उघडतात, त्या दोघांचा मेळ ही चेन घालते. खाली मॅग्नेटवरची खूण जुळवायची आणि वर दात्यांच्या चाकावरची. एक दात जरी सरकला, तरी सगळं इंजिन वेळ चुकतं. ह्यांची पद्धत अशी की खोलायच्या आधी वरच्या चाकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे जोडताना शोधत बसायला नको. चाकावर लाल ठिपका होताच. मी तो जुळवला आणि हेड बंद केलं.

किक मारली तर किक उलटी आली, नडगीवर. आई गं! दहाव्या किकला गाडी चालू झाली, पण खरखर नुसती, आणि रेस दिली की फटफट करून बंद. मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा कोरा.

म्हटलं, चेन ढिली असेल. तिला ताण देणारा टेन्शनर बदलला. खरखर गेली, फटफट राहिली. टॅपेट बघितले, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. काही नाही. त्याच दिवशी मोहन्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. माझे हात ऑइलचे, म्हणून स्पीकरवर टाकला. "भावजींचं कसं गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "भावजी कुठले आता? माणूस केव्हाच गेलाय गं. उरलंय ते नुसतं धुवायचं-पुसायचं. एकदाचे सुटले तर मीपण सुटेन." सहज बोलले, भाजी काय केली सांगावं तसं. हे शेजारीच खुर्चीत होते.

चार दिवसांनी दुपारी भरवत होते तेव्हा ह्यांच्या डाव्या हाताने माझा अंगठा धरला. बोटं घट्ट मिटतात कधीकधी, आपोआप, असं डॉक्टर म्हणालेले. मी हात सोडवला. पुन्हा धरला. आणि माझं नख घासायला लागले, अंगठ्यानं, सारखं सारखं. मी करवादले, "काळं झालंय नख, माहितीये मला. तुमचंच इंजिन करतेय ना!" तरी घासणं चालूच. मग डोळे माझ्यावरून इंजिनाकडे गेले आणि परत नखावर आले.

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. नख. नेलपॉलिश मी आयुष्यात लावलेली नाही. घरात एकच बाटली, ती ह्यांची, गॅरेजमधली. आणि मग मला दसरा आठवला. शस्त्रपूजेला पाने-पकडी, स्क्रूड्रायव्हर सगळं मांडलेलं. कुंकू ऑइलवर टिकत नाही, म्हणून उघड्या इंजिनाला हे दरवर्षी नेलपॉलिशचं बोट लावतात. यंदा उघडं इंजिन स्वतःच्या गाडीचंच होतं. मी तिथेच आरतीचं ताट घेऊन उभी होते की! मी जुळवलेला ठिपका खुणेचा नव्हताच, तो पूजेचा होता.

हेड परत उघडलं. चाक रॉकेलनं पुसलं. काळ्या थराखाली कोरलेली बारीक रेघ निघाली, तिच्यावर खुणेचा जुना, फिका पडलेला ठिपका. पूजेचा ठिपका बरोब्बर एक दात पुढे. मी रेघ जुळवली आणि पान्यानं इंजिन हातानेच दोन फेरे फिरवून बघितलं, ह्यांच्यासारखं. कुठे अडलं नाही.

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. आवाज एकसारखा, तोच, नाक्यावरचा. ह्यांनी डोळे मिटले होते आणि डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर इंजिनाबरोबर वाजत होती. आत माणूस होता. सात महिने होता, सगळा वेळ. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले.

आणि मग फोन आठवला.

मी गाडी बंद केली. ह्यांच्यासमोर खाली बसले, डावा हात हातात घेतला. माझे दोन्ही हात ऑइलचे. म्हटलं, "अहो, बहिणीशी फोनवर बोलले मी. ते ऐकलंत?" देवा, एवढं एक समजलेलं नसू दे.

त्यांनी हात दाबला. मी काढून घ्यायला बघितला, तर सोडेनात.