मेणानं बुजवलेला पैसा

आक्का गेली हे रणजितला अजून कळलेलं नाही. तो माझा धाकटा भाऊ, सीमेवर आहे. सुट्टी अर्धवट टाकून गेला, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. आटपाडीच्या घरात फोन वाजला तरी आम्ही दचकतो... आणि नाही वाजला तरी.

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. दुसऱ्या महायुद्धात तिचे वडील पलटणीत होते. तांब्याची टंचाई झाली आणि सरकारनं पैशाच्या मधोमध भोक पाडलं. छोट्या आक्कानं विचारलं, यातलं तांबं कुठं गेलं? दुकानदार हसत म्हणाला, "बंदुकीच्या गोळीत गेलं, पोरी." तेव्हापासून तिला वाटे, भोकातून निघालेली प्रत्येक गोळी वडिलांना शोधत हिंडते आहे. हाती येईल त्या पैशाचं भोक ती बुजवू लागली. कुंकवाखाली लावायचं आईचं मेण त्यातच संपायचं, मग रट्टे बसायचे. एकदा आईनं मेण खरवडून एक पैसा मिठाला दिला. पुढच्या बाजाराआधी तार आली. आईचं कुंकू गेलं आणि मेणाची डबी आक्काकडे राहिली. म्हातारपणीही ती पुटपुटायची, "त्यो एक निसटला..."

मी वडिलांची युद्धविरोधी पत्रकं वाचत वाढले, ती वाटतही हिंडले. गरिबाच्या पोराला तोफेपुढं उभं करणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि ती भीती गंडेदोऱ्यात बांधण्यावरही. म्हणून रणजित निघताना आक्का त्याच्या करदोट्याला बुजवलेला पैसा बांधू लागली, तशी मी चिडले. "आक्का, ती नाणी कधीच बंद झाली. आता पोलादाची असतात, भोक नसतं त्यांना!"

"मग तांबं कुटं गेलं गं?"

यावर मी पानंच्या पानं लिहू शकले असते. पण दारात त्याची हिरवी बॅग होती.

रणजित हसला. "आक्का, लोकं बुलेटप्रूफ घालत्यात, मी मेण घालतो व्हय?"

"हस रं, लय हस. पर सोडू नगंस." तिनं गाठ आवळली.

शेवटपर्यंत ती एकच विचारत होती, "पोराचा फोन आला का गं?" आम्ही खोटं बोललो नाही. बोलायला हवं होतं का, कळत नाही.

तिची डबी फळीवरच आहे. काल टीव्हीवर निवेदक युद्धाच्या बातम्या आनंदानं ओरडून सांगत होते, तेव्हा मी ती उघडली. तळाशी थोडं मेण आणि एक पैसा होता, भोक उघडं असलेला. माझा कशावरही विश्वास नाही. तरी चिमूटभर मेण तळहातावर घेऊन मळत बसले... हात इतके गार पडले होते की ते मऊच होईना.